मोठीमायचा उजवा हात

आमची मोठीमाय कुणाला पाया पडू द्यायची नाही. आईची ही थोरली बहीण, उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी. कुणी वाकायला लागलं की ओरडायची, "ताठ उभा राय! आपल्या घरानं वाकणं कधीच सोडलं. माहा हात येते तुह्या डोक्यापर्यंत." आणि टाचा उंचावून खरंच उजवा हात डोक्यावर ठेवायची. त्या हाताला लसणाच्या फोडणीचा वास असायचा. मी ताडमाड वाढलो, तरी तिनं हा हट्ट सोडला नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि पुढं तिचं सरकारी ऑफिस नव्या रायपुरात गेलं. तिथले रस्ते रुंद, रिकामे, बस कधी येईल याचा नेम नाही. बाकीचे वैतागायचे, ही मात्र स्टॉपवर आभाळ बघत बसायची. एकदा तशीच आभाळाकडं बघत बसमधून उतरली, पाय चुकला आणि उजव्या खांद्यावर पडली. आम्ही धावत दवाखान्यात पोचलो, तर म्हणते कशी, "काहून रडून राहिले? पडल्या पडल्या एवढं मोठं आभाळ पायलं मी!"

हाड खांद्याच्या अगदी जवळ मोडलं होतं. ऑपरेशन करून आत प्लेट बसवली, स्क्रू लावले. डॉक्टर म्हणाले, "हड्डी जुड़ जाएगी, माताजी. हाथ कितना ऊपर जाएगा, अभी नहीं बोल सकते."

"इस लड़के के सिर तक जाएगा?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी मान वर करून माझी उंची पाहिली आणि फाइल मिटली.

मग भिंतीवर बोटं चालवण्याचा व्यायाम सुरू झाला. तेलीबांधा तळ्याजवळच्या तिच्या घरात दुपारी पाण्यावरून वारा यायचा, पडदा हलायचा, आणि तिची बोटं भिंतीवरून हळूहळू वर सरकायची. "पालीसारखी चढून राहिली मी," म्हणायची. दुखलं की डोळे मिटून घ्यायची. त्या दुपारी संपूच नयेत असं मला वाटे. पण बोटं तिच्याच डोक्याच्या जरा वर जाऊन थांबत. त्यापुढं खांदा ऐकत नसे.

मला पुण्याला नोकरी लागली. निघताना ती दारात आली, टाचा उचलल्या, डाव्या हातानं उजवं कोपर वर ढकललं. हात माझ्या गालापर्यंत आला आणि अडला. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. मला भडभडून आलं. मी गुडघे वाकवू लागलो.

"खबरदार!" ती म्हणाली. "गालही तुहाच हाय ना?"

मी पुन्हा रायपूरला पोचलो तेव्हा ती नव्हती. तिचा शेवटचा स्पर्श तो गालावरचाच. दारातून निघालो त्या दिवशी मी रडत होतो, पण ताठ उभा होतो.