गेमच्या सेन्सरला म्हैस दिसेना

आमची म्हैस चारा खाते कमी आणि ढकलते जास्त. न्हावऱ्यातल्या आमच्या गोठ्यात हौदासारखी गव्हाण नाही. समोर सिमेंटचा सपाट कोबा आहे, त्यावर बारीक कापलेल्या चाऱ्याची कुट्टी पसरायची आणि जनावरांनी पाइपांमधून माना बाहेर काढून खायची. गाया शहाण्यासारख्या खातात. ही बया मात्र तोंडाने कुट्टी लांब लोटत नेते आणि मग तोंड पोचत नाही म्हणून रेकायला लागते. की उठा कुणीतरी, आणि चारा परत आत सारा. दिवसाही, रात्रीही. ते कुणीतरी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा.

मामांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. खुर्चीत बसून मशीनवर धारा काढतात, पण वाकायचं नाव नाही. नवरा कारखान्यात भट्टीवर, आणि भट्टीला दिवाळी नसते. त्यामुळे भाऊबीजेला मी कोरेगाव भीमाला माझ्या भावाकडे मुक्कामाला, आणि आत्या मात्र सकाळच्या एसटीने दौंडला जाऊन, भावाला ओवाळून, संध्याकाळी माघारी. माझं लग्न झाल्यापासून त्यांनी माहेरी एक रात्र काढलेली मी पाहिली नव्हती. एकदा मी म्हटलं, यंदा मी थांबते, तुम्ही राहा. अशा उखडल्या माझ्यावर की विचारू नका. सुनेला भावाकडे जाऊ दिलं नाही असं लोकांनी म्हणायला नको होतं त्यांना. मीही काही कमी तापट नाही. म्हटलं, मीही जाईन आणि तुम्हीही राहाल, कसं ते माझं मी बघते.

बोलून तर बसले. आता करायचं काय?

कारेगावजवळच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. तिथल्या मैत्रिणीच्या घरी टीव्हीखाली गेमचा एक सेन्सर धूळ खात पडला होता. ज्याच्यासमोर उभं राहून हातवारे केले की पडद्यावरचा माणूस उड्या मारतो, तो. पोरांचं मन त्यावरून उडालं होतं. तो काळा पट्टा पिशवीत घालून मी स्कूटीवर निघाले तेव्हा रस्ताभर एकटीच हसत होते. अहो, त्याच्या पोटात जादू आहे! डोळ्याला न दिसणारा उजेड तो ठिपक्याठिपक्यांनी समोर फेकतो आणि कुठली वस्तू किती लांब आहे ते मोजतो. अंधारात तर त्याला काहीच अडत नाही. पोरांचे हात मोजणारा म्हशीचं तोंड का नाही मोजणार?

मग भंगारातून जीपच्या वायपरच्या मोटारी आणल्या, मोपेडची चाकं आणली, प्लॅस्टिकचं पिंप उभं कापून पुढे तिरकं बसवलं, वर बॅटरी, छोटा कॉम्प्युटर आणि सगळ्यात वर तो पट्टा. या गाड्याने कोब्यावरून जायचं, कुट्टी आत सारायची, कुणाचं तोंड आडवं आलं की थांबायचं, एवढंच काम. अंगणात उन्हात चालवला तर ठार आंधळा. उन्हापुढे त्याचा उजेड टिकेना. गोठ्याच्या सावलीत नेला आणि काय सांगू, पांढऱ्या तोंडाच्या गाईपुढे तो असा अदबीने थांबला की मी शेणातच नाचले. मामांनीही खुर्चीतून टाळ्या वाजवल्या.

पुढे म्हैस होती. गाडा थांबला नाही. सरळ जाऊन तिच्या नाकाडावर धडकला. तिने शांतपणे मान खाली घातली, पिंपाखाली शिंगं घातली आणि गाडा उलटा केला. चाकं वर फिरत होती आणि ती कुट्टी खात होती. आत्या हसून हसून पाइप धरून खाली बसल्या.

लॅपटॉपवर बघितलं तर म्हशीच्या जागी नुसतं भोक. काळं कुळकुळीत अंग सगळा उजेड गिळत होतं, परत काही पाठवतच नव्हतं. गेमच्या सेन्सरच्या लेखी आमच्या गोठ्यात म्हैस नव्हतीच. मी तिच्या कपाळावर टॉवेल बांधला, तो तिने चावून खाल्ला. चमकणारी पट्टी चिकटवली, ती तिने खांबाला घासून काढली. मी तिला नाही नाही ते बोलले. आत्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. मी येते की संध्याकाळी माघारी." ते त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला रडूच आलं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात. त्या दिवशी मी फुरंगटून गोठ्यात बसले होते, लॅपटॉप उगाच उघडा. मामांनी खुर्चीतूनच शिंगांना गेरू लावला. आत्यांनी दर वर्षीसारखे दोन्ही हात कालवलेल्या पांढऱ्या शाडूत बुडवले आणि म्हशीच्या कपाळावर पंजे उमटवले. माझी नजर पडद्यावर गेली. भोकाच्या मधोमध दोन हात लटकत होते. बोटं मोजता येतील इतके स्वच्छ.

मी किंचाळले. गाडा सोडला. गेला, गेला, आणि त्या हातांपुढे थांबला. म्हशीने घास घेऊन मान मागे ओढली, तो पुढे निघाला. परत फिरवला, परत थांबला. मी म्हशीच्या गळ्यात पडले, नवी साडी गेरूने माखली, मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी आत्यांनी ताजे पंजे उमटवले. त्यांच्या पिशवीत मी रात्रीसाठी साडी कोंबली आणि त्यांना दौंडच्या एसटीत जवळजवळ ढकललंच. संध्याकाळी मी कोरेगावला. गोठ्यातलं चित्र माझ्या मोबाइलवर येत होतं आणि माझं सगळं माहेर ताटं सोडून त्यावर वाकलं होतं. दोन हात वर होत होते, खाली होत होते, म्हैस निवांत खात होती. मामांनी तर फोनवर सांगितलं की आता ते झोपायला मोकळे.

तेवढ्यात आत्यांचा फोन आला.

"चालू हाय का गं?"

म्हटलं, चालू हाय.

"माझं हात दिसत्यात का?"

दिसत्यात, म्हटलं, दोन्ही.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, त्यांचा भाऊ कशावर तरी मोठ्याने हसत होता.

"मग मी उद्याबी ऱ्हाते," त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला.