इंजिनाची खांदशेकणी

फोन आला तेव्हा मी आडवीच होते. नागपूरच्या दवाखान्यातून धाकटा बोलत होता, "आई, बाबा गेले..." उठून बसावं म्हटलं तर पाठ ऐकेना, म्हणून नवऱ्याच्या मरणाची बातमी मी छताकडे बघतच ऐकली. त्याला आता दीडएक महिना झाला असेल. पिपरी मेघेतलं हे घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं आणि रिकामंही झालं. लोक यांच्या सरळपणाबद्दल बोलले, नोकरीतल्या चोखपणाबद्दल बोलले. मला आठवतात ते इंजिनाखालून निघालेले यांचे काळे हात... खरं सांगायचं तर आता आठवायचाही शीण येतो, पण लिहिते.

लग्न होऊन मी आर्वीजवळच्या तळेगावला आले, तो पन्नासच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. पहिल्या बाळंतपणानंतर माझ्या मणक्याला क्षय झाला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं, दर पंधरवड्याला तपासायला बोलावलं, आणि हिसके बसू देऊ नका, नाहीतर पाय जातील, असं यांना बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन सांगितलेलं बायकोला हमखास ऐकू येतं. एस.टी.त बसणं शक्यच नव्हतं. हे आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. तिथला इंग्रज मॅनेजर मायदेशी जाताना आपली विलायती गाडी मागे टाकून गेला होता. दोनच माणसांची, बुटक्या दारांची, कापडी छपराची, हौसेनं भरधाव पळवायची ती गाडी यांनी आजारी बायकोसाठी मागून घेतली. शेजारच्या सीटची पाठ काढली, गादी अंथरली आणि मला त्यावर तिरपं निजवलं.

पण गाडी सुरू झाली की तिची थरथर खालून थेट माझ्या मणक्यात शिरायची. दात घट्ट आवळून मी वर्ध्यापर्यंत जायची आणि यांना सांगायचीही सोय नव्हती, कारण हे माझ्याहून जास्त कळवळायचे. मग कोणीतरी यांना सांगितलं की इंजिन सांगाड्यावर नुसतं टेकवलेलं नसतं, मध्ये लोखंडी पट्ट्यांत बसवलेल्या रबरी गाद्या असतात. मेकॅनिक त्यांना 'फाउंडेशन' म्हणायचे. आमच्या गाडीच्या झिजून गेल्या होत्या. यांनी आधी जिनिंगच्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे कापून घातले. ते इतके कडक निघाले की थरथर वाढलीच. शेवटी मुंबईहून खऱ्या विलायती फाउंडेशनचं पार्सल आलं. ती बसवली त्या खेपेला मी आर्वी यायच्या आधीच झोपून गेले. जाग आली तर हे गाडी थांबवून रडत होते.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत वाकून पाहिलं. हे अभिमानानं म्हणाले, "आबा, इंजिनाचा सारा भार याच्यावर असते." आबा म्हणाले, "मंग हा तं खांदाच झाला बाप्पा! बैलाचा शेकतो, याचा काऊन नाई?" पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाल्यावर ते हळद घातलेलं कोमट लोणी आणि पळसाची पानं घेऊन गाडीकडे आले. रबर दोन्ही बाजूंनी चोळलं आणि बैलांना म्हणतात तसंच गाडीला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही सगळे हसलो. त्यानंतर मला वर्ध्याला न्यायच्या आधी दर खेपेला आबा लोणी चोळू लागले. सुनेच्या पाठीला त्रास होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू.

थंडी सरता सरता आर्वीच्या पुढे एका बाजूनं इंजिन खचलं. पंखा रेडिएटरवर आदळला, पाणी सांडलं आणि बसलेल्या हिसक्यानं माझ्या तोंडून किंकाळी निघाली. यांनी मला उचलून बाभळीखाली निजवलं. मग फाउंडेशन काढलं तर ते पाझरलेल्या गुळासारखं बोटाला चिकटलं. यांनी वास घेतला. मलाही आला, हळदीचा आणि खवट लोण्याचा. लोण्यानंच रबर विरघळवलं होतं. मी किती चिडले होते, काय सांगू! हे चिकट बोटं मातीत पुसत म्हणाले, "आबाले सांगू नको. तुह्याचसाठी करून राह्यले ते." कोणाच्या तरी बैलांच्या दमणीतून, पायांना मुंग्या येत असताना, मी घरी परतले. ते पाय पुढे जाणार की राहणार, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

नवीन फाउंडेशन आलं. आबा पुन्हा लोणी घेऊन आले आणि यांनी त्यांना मुकाट्यानं चोळू दिलं. निघायच्या दिवशी आबा आंघोळीला गेले की हे गाडीखाली शिरून रिठ्याच्या पाण्यानं सगळं धुऊन काढायचे. दर खेपेला हाच उद्योग. माझं प्लास्टर निघालं, मी चालू लागले, तेव्हा आबा गावभर सांगत फिरले, "पाहा, लोण्यानं कसं टिकून राह्यलं!" हे मान डोलवायचे.

आबा गेले, त्यापुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाल्यावर यांनी सवयीनं गाडीसाठीही लोणी गरम केलं आणि वाटी धरून अंगणात उभे राहिले. "आता हे कोणाले लावू?" म्हणाले. मग आत येऊन मला म्हणाले, "पाठ कर इकडे." गाडी पुढे एका हौशी माणसानं नेली, बैल विकले, आम्ही पिपरीला आलो. माझी पाठ मात्र तशीच राहिली आणि दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हे ती शेकत राहिले.

परवा पोळा झाला. आदल्या संध्याकाळी सुनेनं विचारलं, लोणी गरम करू का? मी नको म्हटलं. ती देवळात गेल्यावर मीच उठले, वाटीभर लोणी कोमट केलं, हळद घातली. खांद्यावरून हात नेला, कमरेकडून नेला... जिथं दुखतं तिथवर माझा हात पोचतच नाही.