दहाव्याचा पाहुणा

दौंडला माझी खोली एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. ही जागा मी मुद्दाम घेतली. जिना चढताना कुणी हटकलंच, तर दाढ दुखतेय म्हणून सांगता येतं. आमच्याकडं डोकं दुखण्यापेक्षा दाढ दुखणं केव्हाही अब्रूचं. मी नेमकं काय काम करते हे शिरूरला घरी माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "लोकांचं नुसतं ऐकायचं आन् सांगायचं काहीच न्हाई, ह्येला का शिकावं लागतं व्हय?" असं त्या शेजारणीला विचारतात, तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं.

सासूबाईंचं अगदीच चुकत नाही. समुपदेशनाचे पहिले धडे तेच आहेत. ऐकलेलं खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. समोरच्याला बरंवाईट ठरवायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही. निर्णय त्याचा, आपण त्याच्या सोबत बसायचं. वर्गात हे ऐकताना मी मान डोलावली होती. दौंडला बसल्यावर कळलं की इथं माणूस येतो तोच सल्ल्यासाठी. वाटणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं कुणातरी आप्पांना, मामांना विचारून करायची सवय. त्याला "तुम्हाला काय वाटतं?" असं उलट विचारलं की तो माझ्याकडं असा बघतो, जणू दुकानात मीठ मागावं आणि दुकानदारानं म्हणावं, तुमच्या घरी बघा की असेल.

आता ज्याच्याबद्दल लिहितेय, त्याला विचारून लिहितेय. "लिहा मॅडम, पर नाव नको, गाव नको," म्हणाला. म्हणून दोन्ही नाहीत. रेल्वे कॉलनीत राहणारा, डेमू लोकलगाडी चालवणारा तिशीतला माणूस. बायकोनं पाठवला होता. जेवत नाही, रात्री उठून बसतो, ही तिची तक्रार. पहिल्या दिवशी तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ खालच्या दवाखान्यातल्या मशीनचा आवाज ऐकत राहिला. मीही ऐकला. गप्प बसणाऱ्याला गप्प बसू देणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तर फारच.

मग त्यानं सांगितलं. पुण्याकडून येताना, भरदुपारी, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या जागी एक तरुण रुळांवर आला. यानं हॉर्न दिला, ब्रेक लावला. "गाडी म्हंजी बैल न्हाई, कासरा ओढला की थांबायला," असं तो म्हणाला आणि स्वतःच्या हातांकडं बघू लागला. त्या मुलानं तोंड गाडीकडं केलं आणि एक हात वर केला. एसटीला करतात तसा. एवढंच. चौकशी झाली, याच्यावर कसलाही ठपका आला नाही. कॉलनीतल्या जुन्या ड्रायव्हरांनी पाठीवर थाप मारली, हे सगळ्यांच्या वाट्याला येतं, नारळ फोड आणि चढ गाडीवर. यानं नारळ फोडला. पण तो हात काही खाली यायला तयार नव्हता.

"त्यानं हात कशाला केला, मॅडम? जातो म्हणाला, का थांब म्हणाला?"

थांब म्हणाला असेल, तर त्या पोराला जगायचं होतं, आणि याला थांबता आलं नव्हतं. या एका प्रश्नानं त्याचं अन्न तोडलं होतं. "तुमची काही चूक नव्हती" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते सगळ्या कॉलनीनं त्याला म्हणून झालं होतं, आणि त्यानं त्याचं काहीही भलं झालं नव्हतं. मी म्हटलं, त्यानं हात का केला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तो म्हणाला, "व्हय, ते मला बी कळतं." मग तो रडला. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते मी लपवलं नाही.

पुढच्या वेळी, दोनच दिवसांनी, त्यानं आल्या आल्याच विचारलं, "त्या पोराचा दहावा हाय. जाऊ का नको?"

"गेलात तर काय होईल असं वाटतं?"

"मला कळत असतं तर दातवाल्याचा जिना कशाला चढलो असतो?" तो चांगलाच भडकला. मला राग आला नाही, कारण त्याचं बरोबर होतं. आम्ही त्यावर बोलत बसलो. तिथं कुणी विचारलं तर काय सांगणार, कुणी अंगावर आलं तर काय करणार, नाही गेलं तर पुढं काय. शेवटी काय ठरवलं ते न सांगताच तो उठून गेला.

पुढच्या भेटीत कळलं, तो गेला होता. नदीकाठी दहावा. आमच्या भागात दहाव्याला लग्नाएवढी गर्दी असते, प्रवचन असतं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं लांबतात. इथं मोजकी भावकी. अशा मरणाला लोक अंग चोरतात. त्या मुलाच्या वयाचं तर कुणीच नव्हतं. हा मागं एका बाभळीखाली उभा राहिला. लग्नात पाहुण्याला विचारतात, मुलाकडचे की मुलीकडचे. दहाव्याला कुणी कुणाला विचारत नाही. आला तो आपला, अशी रीत आहे, आणि एरवी मला ती फार आवडते.

पिंड ठेवला. कावळा शिवेना. चुलते पुढं झाले, बहिणीचं लग्न आम्ही करू म्हणाले. मामा पुढं झाले, आईला अंतर देणार नाही म्हणाले. कावळे झाडावर बसून होते. मुलाचे वडील इकडंतिकडं बघत होते, त्यांना बाभळीखालचा हा एकटा दिसला. ते चालत आले आणि त्यांनी याचा हात धरला.

"दोस्त का त्याचे? मग हितं कशाला उभं? पुढं या. तुमी सांगा त्याला, तुमचं ऐकंल."

नाही म्हणायला तोंड उघडायच्या आत हा पिंडासमोर होता. त्यानं नुसते हात जोडले. आणि कावळा खाली आला.

वडील त्याच्या गळ्यात पडले. रडता रडता विचारलं, "तुमाला कवा दिसला हुता शेवटचा?" हा म्हणाला, "त्याच दिवशी. लांबनं. हात केला मला."

"खोटं बोललो का मी?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? या वेळी तो भडकला नाही.

त्यानंतर वडिलांचे फोन सुरू झाले. सुट्टीला हा त्यांच्याकडं जाऊ लागला. तो त्यांना आबा म्हणायचा. आबा ओसरीवर बसून मुलाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायचे, याला विचारायचे, तुमच्याशी काय बोलायचा? हा म्हणायचा, फार बोलायचा नाही. आबा म्हणायचे, व्हय, घुम्याच हुता. मुलाची आई पिठलं-भाकरी वाढायची. आणि इथं, माझ्यासमोरच्या खुर्चीत, माणूस सुधारत होता. जेवत होता, झोपत होता, ड्युटीवर जात होता. बायको जिन्यात भेटली तेव्हा माझे हात धरून म्हणाली, तुमचे उपकार. मी काय केलं होतं? त्याला बरं करत होती ती त्या ओसरीवरची चूक, दोस्त समजल्याची.

मग एक दिवस तो म्हणाला, "आबांना खरं सांगावं म्हंतो. त्यांच्यात जेवाया बसलो की घास फिरतो तोंडात. काय करू?"

नका सांगू, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. दोघंही सावरताहेत, कशाला खपली काढता? धडे गेले चुलीत. पण हे मी कुणासाठी म्हणत होते? त्याच्यासाठी, आबांसाठी, की माझ्या खोलीत एक तरी माणूस बरा झाला म्हणून मिरवण्यासाठी? सल्ला दिला नाही. सांगितलं तर काय होईल, नाही सांगितलं तर किती वर्षं ओढता येईल, हे सगळं आम्ही बोललो. निर्णय त्याचा होता. पुस्तकात म्हणतात तसा, शंभर टक्के त्याचा. त्या दिवशी शिरूरच्या एसटीत माझं डोकं ठणकत होतं, आणि नियम पाळल्याचं समाधान कुठं असतं ते मला सापडलं नाही.

पुढच्या भेटीला तो वेळेवर आला. चेहरा पहिल्या दिवसासारखा.

ओसरीवर बसून त्यानं सांगितलं होतं. ती गाडी माझी होती, आबा. मुलाची आई उठून आत गेली. आबा ओरडले नाहीत, अंगावर आले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हात केला म्हनला हुता, त्यो तवाचा का?"

"व्हय."

"थांब म्हनत हुता का?"

"न्हाई माहीत, आबा."

हा उठायला लागला तेव्हा आबा म्हणाले, "गाडी कुनीतरी चालवतच हुतं. त्येचं तुमाला काय म्हनू? पर मला वाटलं हुतं, माझ्या पोराला एक तरी दोस्त हुता."