बेडशाच्या काकीची गाणी

कुसगावच्या मुक्ताबाईला गाणी सुचायची, पण ती आपली म्हणून लोकांपुढं म्हणायची तिची छाती होत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला तिनं फेरात स्वतःची ओळ टाकली होती. फेराची रीत अशी, की एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. कुणी झेललीच नाही. फेराचा सगळा कारभार कस्तुराबाईच्या हाती. तिनं, ही कुणाची गं, म्हणून विचारलं. मुक्ताबाई 'माझी' म्हणाली आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

तेव्हापासून तिनं नामी युक्ती काढली. गाणं आपलं, नाव माहेरच्या काकीचं! बेडशाच्या म्हातारीचं गाणं म्हटल्यावर तीच कस्तुराबाई मान डोलवायची. कधी न पाहिलेल्या काकीचा कुसगावात मोठा बोलबाला झाला.

मग घाटात विजेवर चालणारी गाडी आली. ना धूर, ना कोळसा! सगळं गाव लोणावळ्याला बघायला लोटलं. परतीच्या वाटेवरच मुक्ताबाईला गाणं सुचलं, आणि असं सुचलं की तिला घरी चैन पडेना. पण एवढी ताजी गोष्ट म्हाताऱ्या काकीच्या नावावर खपणार कशी?

त्यात गौरीच्या दिवशी काकीच दारात हजर! शालूबाई पुतणीचा सण बघायला आली होती. बायकांनी तिला हाताला धरून फेराच्या मधोमध बसवलं आणि गाण्याचा आग्रह धरला. म्हातारी भांबावली.

"मला कुटं गानी येत्यात? आमच्या घरात गानं करनारी एकच, ही मुक्ती."

झालं! पितळ उघडं पडलं. सगळ्यांच्या नजरा मुक्ताबाईकडं वळल्या. आता हसल्या तर तिची सगळीच गाणी त्या हसण्यात बुडणार होती. पण उघडं पडल्यावर झाकायचं तरी काय? ती पुढं झाली.

"समदी गानी माजीच हायती. ह्ये बी माजंच," म्हणाली, आणि तिनं ओळ टाकली:

"गाडीनं आली गवर गं बाई, साडीला तिच्या काजळी न्हाई."

कुणी झेलली नाही. तरी तिनं तीच ओळ पुन्हा टाकली, चढ्या आवाजात. तेव्हा कस्तुराबाईनं टाळी दिली आणि ओळ झेलली. मग काय विचारता! फेर असा गरगरला, की म्हातारी काकीसुद्धा उठून नाचली. मुक्ताबाईला त्या आनंदात पुढच्या ओळी जागच्या जागी सुचत गेल्या:

"कोळसा न्हाई नि पानी न्हाई, घाट चढताना धापत न्हाई!"

पुढं मुक्ताबाईच फेर धरू लागली. एका गौरीला शेजारच्या सोपानच्या नव्या नवरीनं लाजत एक ओळ टाकली. कुणाची म्हणून विचारल्यावर ती पुटपुटली, "मुक्ता मावशींची."

मुक्ताबाईनं ती ओळ जन्मात ऐकली नव्हती. तिनं आधी ती मोठ्यानं झेलली, बायकांकडून झेलवून घेतली, आणि मग पोरीचा हात धरून म्हणाली, "आता सांग, कुनाची हाय?"

"माजी," पोरगी म्हणाली.