फरशी-फरशीनं माझं घर

रिसोडला घर घेतलं तेव्हा बाबा केनवडहून पाण्याची बाटली सोबत घेऊन आले. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्ही भाड्यानं राहत होतो तेव्हाही ते असेच यायचे, मी काही बोलत नव्हते. या वेळी मात्र बोलले. घर माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारावर. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, गणितात बी.एस्सी., शाळेत शिक्षिका. माझ्या घरचं पाणी माझ्या बापाला का चालू नये?

बाबा म्हणाले, "पोरीचं सासर निराळं अन् पोरीचं सोताचं घर निराळं. तुयं घर असन तं पेतो. पण पैसे तं बँकेनं देल्ले ना?"

"थोडे मी भरले, बाबा."

"मंग तेवढं तुयं. बाकी बँकेचं. बटईच हाय हे."

दुसऱ्याचं वावर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करण्यात त्यांची उमर गेली. वाटणीत त्यांना कोणी फसवू शकत नाही. ते वाकून फरश्या मोजायला लागले. पडवीपासून मागच्या खोलीपर्यंत दीडशे भरल्या. मी आधी भरलेल्या पैशात चोवीस आल्या, म्हणजे नेमकी पडवी. त्यांनी खुर्ची पडवीत टाकली अन् आपली बाटली उघडली.

"इथवर तर माझंच आहे. आता प्या की!"

"पानी सैपाकघरात हाय. थे बँकेचं. सैपाकघर तुयं झालं का बोलाव मले."

बाबांसोबत आलेली आई आतून कप घेऊन बाहेर आली. "मले तं बँकेचा चहा गोड लागला बाप्पा," म्हणाली अन् त्यांच्यासमोरच फुंकून फुंकून प्यायली.

वर्षभर मी एकही हप्ता चुकवला नाही. बाबा आले तसं मी ऐटीत सांगितलं, "तेरा फरश्या सुटल्या. खुर्ची बैठकीत घ्या."

"बँकेचा कागद दाखव."

कागद काढला अन् माझं तोंड उतरलं. मी सगळे हप्ते धरले होते. त्यातला बराचसा पैसा व्याजात गेला होता. मुद्दल फिटलं होतं अडीच फरश्यांचं. पोरांना चक्रवाढ व्याज शिकवणारी मी, स्वतःच्या घराचं गणित चुकले!

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अडीच! कॉलेज शिकेल पोरगी अन् अडीच!" मग खुर्ची उचलून त्यांनी ती बरोब्बर अडीच फरश्या आत सरकवली. मागचे पाय पडवीत, पुढचे बैठकीत. मला म्हणाले, "हासून राह्यलो म्हनून रडू नको माय. तुया बापाले उमरभर अर्धी फरशी नाही घेता आली."

त्यानंतर दरवर्षी कागद पाहून खुर्ची सरकत राहिली. दुसऱ्या वर्षी अडीचहून जरा जास्त, तिसऱ्या वर्षी आणखी जरा जास्त. व्याज कमी होत होतं, मुद्दल वाढत होतं, अन् बाबा टीव्हीच्या जवळ येत होते. पाचव्या वर्षी ते बैठकीच्या मधोमध आले, हातात तीच बाटली.

यंदा पगाराच्या फरकाची रक्कम एकदम मिळाली. नवऱ्याला वाटत होतं, गाडी घ्यावी. मी म्हटलं, गाडी नंतर. सगळी रक्कम कर्जात भरली, कागद घेतला, या वेळी दोनदा तपासला अन् केनवडला फोन लावला. "बाबा, बाटली न आणता या."

बाबा आले. बाटली होतीच. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, खाली वाकून फरश्या मोजल्या. बैठक संपली. उंबरठ्यापलीकडे सैपाकघराची पहिली ओळ माझी निघाली. माठ त्याच ओळीत होता.

ते मांडी घालून तिथंच बसले. मी ताट वाढलं: भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. नवरा दारातून म्हणाला, "मामाजी, गुडघा बँकेत गेला तुमचा."

"काढतो जवाईबापू, काढतो," म्हणत बाबांनी गुडघा आत ओढला. "पानी दे बाई."

मी तांब्या भरून दिला. त्यांनी तो तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

संध्याकाळच्या एसटीनं ते गेले. ओट्यावर त्यांची बाटली राहिली होती, अर्धी भरलेली. मी फोन केला.

"राहू दे," म्हणाले, "आता कायले लागते?"