विश्रांतीचा दिवस

जिममध्ये वजनाचा दांडा खाली ठेवला की तळहाताला गंजाचा वास येतो, आमच्या होडीच्या नांगरासारखा.

तेव्हा मला जिम लावून जेमतेम महिना झाला होता. दंड तसूभर वाढले नव्हते, ऐट मात्र हातभर वाढली होती. बाबांची होडी वाळूवर ओढून घ्यायची होती. किनाऱ्यावर दिसेल त्याने दोराला हात लावायचा, ही आमची रीत. मी लांबूनच म्हणालो, "बाबा, आज माझा विश्रांतीचा दिवस हाय."

बाबा हसले. "बरं. होडीला सांगतो, उद्या ये." आणि दोर खांद्यावर घेऊन वाकले.

आता मी दीडशे किलो उचलतो. शेवटच्या आजारपणात बाबांना उचलून मोरीत न्यायचो, तेव्हा त्यातली काहीच ताकद लागायची नाही.