वाफशाचे टायर

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज आहे. घरच्यांचा तो केव्हाच गेला, माझा अजून टिकून आहे. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या फलकावरचं शुद्धलेखन मी लाल पेनाने सुधारते, आणि हल्ली त्या फलकावर कोणी काही लिहीतच नाही. अशा बाईने टायरच्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण पडले, आणि चांगली तोंडावर पडले.

टायर माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या गाडीचे. जाऊबाई लोणी काळभोरला शेतावरच्या घरात एकट्या राहतात. भावजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, मध्यंतरी तिथे कृषी पर्यटन काढलं होतं. हुरडा, बैलगाडी, झाडाला झोका, आणि शहरातल्या पाहुण्यांना फेऱ्या मारायला एक एटीव्ही. एटीव्ही म्हणजे फुगीर टायरांची, चार चाकांची मोटरसायकलच. पर्यटन दोन हंगामांत आटोपलं, पुतण्या खराडीच्या नोकरीत परत रमला आणि गाडी गोठ्यात पडून राहिली.

तोवर जाऊबाईंचे गुडघे गेले होते. घरापासून त्यांच्या शेवंतीच्या रानापर्यंत चालत जाणं जमेना. एक दिवस त्यांनी पदर खोचला आणि त्या गाडीवर बसल्या. कोणी शिकवलं नाही, कोणाला विचारलं नाही. पासष्टीची बाई, डोक्यावर पदर, दातांना मिसरी, आणि खाली भटभट करणारं ते धूड! बघणारे तोंडात बोट घालायचे. मला सरळ सरळ हेवा वाटायचा. मला अजून माझी स्कूटर स्टँडवर लावायला वॉचमन लागतो.

मग या पावसाळ्यात त्या गाडीवरून पडल्या. लागलं फारसं नाही, मनगट मुरगळलं. टायर पार गोटा झाले होते. झिजून झिजून त्यांच्यावरची नक्षी गेली आणि गुळगुळीत रबर उरलं की त्याला गोटा झाला म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर आईची चिखलाने भरलेली साडी पाहिली आणि तासाभरात तिथे पोचला. गाडीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "आई, आता बास. गाडी विकून टाकू. तू खराडीला चल."

खराडीला म्हणजे अकराव्या मजल्यावर. सून चांगली, नातू गोड, लिफ्ट झकास. गॅलरीत चार कुंड्या.

जाऊबाईंचा मला फोन आला. "किल्ली नेली गं त्यानं," एवढंच म्हणाल्या. ही बाई कधी रडल्याचं मला आठवत नाही, भावजी गेले तेव्हासुद्धा आलेल्यांना चहा करत होती. पण त्या फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

मी पुतण्याला फोन करून झाडलं. तो मला घाबरतो, कारण दहावीला त्याचं व्याकरण मी घेतलं होतं. शेवटी म्हणाला, "काकू, नवे टायर बसले आणि तिने माझ्या डोळ्यांदेखत घरापासून रानापर्यंत नीट चालवली, तर ठेवू गाडी. नाहीतर नाही. येत्या रविवारी बघू."

"टायरचं मी बघते," मी म्हणाले. या दोन शब्दांनी, 'मी बघते', आमच्या घरात आजवर एक लग्न मोडलंय आणि दोनदा स्वयंपाकघरात पाणी तुंबलंय.

सलग तीन दुपारी मी यूट्यूबसमोर बसले. दाढीवाले परदेशी बाप्ये कमरेएवढ्या चिखलातून गाड्या काढत होते आणि मी वहीत टिपणं घेत होते. चिखलासाठीच्या टायरला उंच दात असतात, दातांमध्ये मोठी मोकळी जागा असते, म्हणजे चाक फिरलं की अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो. दाबून कडक झालेल्या रस्त्यासाठी मात्र बुटकी, दाट नक्षी लागते. उंच दात कडक रस्त्यावर नेले की ते हादरे देतात, चाकं नीट धरत नाहीत आणि दातही लवकर झिजतात. दोन्हीकडे थोडं थोडं चालणारे टायरही असतात, पण 'थोडं थोडं' हा शब्द माझ्या स्वभावात नाही. मी तक्ता केला. आमचे हे मागून वाकून म्हणाले, "तोंडी परीक्षा पण असते का याची?" मी तक्त्यात आणखी एक रकाना आखला.

रस्ता मला ठाऊक होता. घरापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत मुरूम, रोलरने दाबलेला, टणक. मोरीपलीकडे काळी माती. प्रश्न एवढाच होता की जाऊबाईंची गाडी चिखलात किती जाते. म्हणून मी शास्त्रशुद्धपणे त्यांना फोन केला.

"ताई, रानात गाडी केव्हा घालता तुम्ही?"

"वाफसा आला की."

"बरं बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. वाफसा. वाफ. पाऊस पडून गेला की तापलेल्या जमिनीतून वाफा निघतात, तेव्हा सगळीकडे रबरबीत चिखल असतो. तक्त्यात चिखलाच्या रकान्यात मी ठसठशीत खूण केली.

सोलापूर रस्त्यावरच्या टायरवाल्याने माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं. तो लोणीचाच, वयाने पन्नाशीचा. मग म्हणाला, "बाई, गाडी जास्ती कुठं चालणार? कडक रस्त्याला का चिखलात?"

"चिखलात."

"खात्री हाय?"

"मी मराठीची शिक्षिका आहे."

"मग असंल," तो म्हणाला. "तरी एकदा चालवणाऱ्या मावशीस्नी इचारा की."

"विचारलंय," मी म्हणाले. आणि विचारलं होतंच की!

रविवारी सकाळी त्याने शेतावर येऊन टायर बसवले. काय रुबाब होता! बोटभर उंच दात. गाडी एकदम लढाईला निघाल्यासारखी दिसायला लागली. मी फोटो काढून शाळेच्या जुन्या ग्रुपवर टाकला. पुतण्या हाताची घडी घालून फाटकाशी उभा होता. त्याने किल्ली दिली, जाऊबाईंनी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि निघाल्या.

मुरमावर दहा-वीस पावलं गेल्या असतील. गाडी खडखड खडखड करत थरथरायला लागली. जाऊबाईंची हनुवटी हलत होती, बांगड्या वाजत होत्या, हातातलं हँडल उड्या मारत होतं. मोरीही आली नाही आणि त्या थांबल्या. उतरल्या त्या गुडघा दोन्ही हातांनी धरून. चेहरा पांढरा पडला होता.

पुतण्या धावला. तो वाईट नाही हो, आईचे हाल त्याला बघवत नव्हते. तिला धरून म्हणाला, "बघितलंत काकू? राहू द्या आता. गाडीला एक गिऱ्हाईक आहे, मी उद्याच बोलतो."

मी पिशवीतून तक्ता काढला. त्यात याला रकानाच नव्हता.

जाऊबाईंनी दम घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आगं, ही टायरं तर चिखलाची हायेत. चिखलात जातंय कोण?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, वाफशाला जाता म्हणून?"

"मग?"

"वाफसा म्हणजे चिखलच ना?"

टायरवाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"देवा रे," जाऊबाई म्हणाल्या. "पाऊस पडला की रान चिखल असतं, तवा कुणी पाय घालत न्हाई त्यात. दोन-चार दिस थांबायचं. माती पायाला चिकटायची थांबली, अन् अजून वाळून टणक झाली न्हाई, म्हंजी वाफसा आला. तवा जायचं. चिखल झाला की मी घरात बसते, निवडणं-टिपणं करते. खुळी हाय का मी चिखलात गाडी घालायला?"

मला एकदम एक वही आठवली. सातवीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'वाफसा आल्यावर बाबा पेरणी करतात.' मी त्या शब्दाला लाल गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'असा शब्द नाही. वाफ असे लिही.' वर अर्धा गुणही कापला होता. भर मुरमावर उभी राहून मला अशी शरम वाटली की सांगता सोय नाही.

"चूक माझी आहे," मी पुतण्याला म्हणाले. "टायर मी चुकीचे घेतलेत. ताईंचं चालवणं चुकलेलं नाही."

"पण काकू, ती पडली होती ना? त्या चिखलात..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. "ताई, तुम्ही पडलात कुठे?"

त्यांनी मागे हात केला. फाटकापुढचा उतार, घट्ट दाबलेला मुरूम आणि वर सुटी बारीक खडी. "हितं. गोटा टायर खडीवरनं घसरलं. साडीचा चिखल खुरपून झाल्यावर पाटात हातपाय धुताना लागलेला. त्यो धुवायला तर निघाले होते घराकडं."

"मला वाटलं रानात पडलीस," पुतण्या पुटपुटला. "बोलली का नाहीस?"

"इचारलंस का?"

माझंही काही त्याच्याहून वेगळं नव्हतं. जाऊबाईंची गाडी, जाऊबाईंचे गुडघे, जाऊबाईंचं रान, आणि आम्ही दोघं सुशिक्षित माणसं आठवडाभर एकमेकांना फोन करत बसलो होतो.

बत्तीस वर्षांत मी वर्गात किती प्रश्न विचारले असतील याला गणती नाही. उत्तर आधी माहीत नसताना एकही विचारला नाही. आता पहिल्यांदा विचारला.

"ताई, तुम्हाला जायचंय का खराडीला?"

जाऊबाई गाडीच्या सीटवर आडव्या टेकल्या. गुडघा चोळत राहिल्या, मग लेकाकडे बघून म्हणाल्या, "येईन की. दिवाळीला येईन, नातवाच्या वाढदिवसाला येईन. तुझी बायको लई करती माझं, पाण्याचा पेला उचलू देत न्हाई. पण तितं मी कपाटात ठिवलेल्या भांड्यावाणी हाय, बाबा. हितं पडले तरी माझी मी पडते."

पुतण्या त्या उतारापर्यंत गेला आणि बुटाने सुटी खडी बाजूला सारली. डोळे पुसल्याचं त्याने खोकून झाकलं. मग टायरवाल्याकडे वळला.

"काका, बुटक्या नक्षीचे टायर उद्या मिळतील का?"